उ.: क्वांटाइझ केल्यावर स्विंग जातो

कीबोर्डवरून संगणकात जॅझ पियानो रेकॉर्ड करताना आवाज उशिरा येतो, आणि क्वांटाइझ केल्यावर (संगणकाने स्वर ठोक्यांवर अचूक बसवल्यावर) स्विंग, म्हणजे जॅझची लांब-आखूड झोकदार लय, जातो असं तुम्ही विचारलंत. यात दोन वेगळ्या अडचणी एकत्र झाल्यात. आवाज उशिरा येतो तो बफरमुळे (संगणक आवाज सोडण्याआधी जेवढा साठवतो तो तुकडा): ४४.१ किलोहर्ट्‌झला ५१२ सॅम्पल (आवाजाचे नमुने) म्हणजे सुमारे ११.६ मिलिसेकंद, १२८ म्हणजे २.९. विंडोजवर असिओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) लावून रेकॉर्डिंगपुरता बफर १२८ ठेवा, मिक्सच्या वेळी वाढवा. कडकड ऐकू आली तर २५६.

स्विंगचं म्हणाल तर शंभर टक्के क्वांटाइझ नकोच. मिडी (आवाज नव्हे, कोणती कळ कधी दाबली याची नोंद) रेकॉर्ड करा, फार घसरलेले स्वर तेवढे हाताने सरकवा. ठोक्यातल्या दोन स्वरांचं पक्कं २:१ लांब-आखूड प्रमाण मध्यम लयीत चालतं. लय वाढली की आठवे (अर्ध्या ठोक्याचे) स्वर जवळजवळ सरळ होतात, तिथे तेच प्रमाण लादलं की घोडा दौडल्यासारखं वाजतं. मेट्रोनोमची क्लिक दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर घ्या: गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं असेल तर मेट्रोनोम ६०.

बास वेगळा असेल तर डाव्या हातातून कॉर्डचा मूळ स्वर काढून टाका, नाहीतर खाली नुसता चिखल. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन या कॉर्डसाठी अनुक्रमे एफ-सी, एफ-बी, ई-बी पुरे. पेडल कमीच, आणि प्लगिनचा रिव्हर्ब (आवाजाची घुमार) आधी बंद!