तिन्हीसांजेनंतर बाळाची दुपटी बाहेर का ठेवत नाहीत?

सांजवात (प्रश्न)

माझे आजोळ सातारा जिल्ह्यातले. घरात तान्हे बाळ असले की दिवेलागणीच्या आत अंगणातल्या दोरीवरची दुपटी, झबली आणि टोपरी घरात आणायची, असा आजीचा दंडक होता. त्यामागची कथा ती आम्हा भावंडांना अंथरुणावर पडल्यावर सांगत असे. रात्रीचे पाखरू, म्हणजे बहुधा घुबड, विसरलेले दुपटे उचलून ओढ्यात दगडाखाली ठेवते आणि ते पाण्यात जसजसे कुजत जाईल तसतसे घरातले बाळ वाळत जाते. काऊ-चिऊची गोष्ट ती ज्या आवाजात सांगे, त्याच आवाजात हीसुद्धा. गेल्या महिन्यात भावाला मुलगी झाली. वहिनी असल्या गोष्टींना हसते, पण दुपटी मात्र वेळेवर आत येतात. ही समजूत आमच्या गावापुरती आहे की तिला काही जुने मूळ आहे? आणि ज्यांच्या जिवावर बेतलेली ही कथा, त्या पोरांनाच ती झोपताना का सांगत असावेत?

जुनी पोथी

मूळ फार जुने आहे, आणि पूतनेपासून सुरुवात केली तर ते लवकर सापडते. पूतना म्हटले की सुंदर स्त्रीचे रूप घेऊन गोकुळात शिरलेली आणि कृष्णाला विषारी स्तन पाजणारी राक्षसी आपल्या डोळ्यांसमोर येते, कारण भागवतातील ते चित्र कीर्तनांतून घरोघरी पोचले. हरिवंशात मात्र ती कंसाची दाई असून ‘शकुनी’ म्हणजे पक्षिणी होऊन येते. मध्यरात्री, रागाने पंख फडफडवत येऊन ती गाड्याच्या आसावर बसते. महाभारताच्या वनपर्वात स्कंदाच्या कथेत मुलांना पछाडणाऱ्या ग्रहांची, म्हणजे झपाटणाऱ्या शक्तींची, यादी आहे. तिथे पूतनाग्रहाच्या शेजारीच शकुनिग्रह येतो आणि तो म्हणजे विनता, खुद्द गरुडाची आई, असे सांगितले आहे. हे ग्रह मुलाला सोळा वर्षांचे होईपर्यंत त्रास देऊ शकतात, असेही तिथे म्हटले आहे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रह आहेत आणि त्यांतही शकुनी आहे. तिने पछाडलेल्या बाळाचे वर्णन वाचताना आजही अंगावर काटा येतो: अंग ढिले पडलेले, भेदरलेले, अंगभर स्रवणाऱ्या जखमा, आग होणारे आणि पिकणारे फोड, आणि अंगाला पक्ष्यासारखा वास. हा शेवटचा तपशील कोणी कल्पनेने लिहील असे मला वाटत नाही. आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या माणसाचे ते निरीक्षण असावे. जाता जाता आणखी एक: आपण रोज वापरतो तो ‘शकुन’ शब्द मुळात पक्षीवाचकच आहे.

दूरदेशी

कपड्यांचा धागा हिमालयापलीकडेही आहे. चीनमधील वैद्य ली शिझेन यांच्या १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या औषधिकोशात ‘गूहुओ’ नावाच्या पक्ष्याची नोंद आहे. तो पिसे चढवली की पक्षी होतो आणि उतरवली की स्त्री. बाळंतपणात मेलेल्या बाईचा तो आत्मा असतो, त्याला स्वतःचे मूल नसते म्हणून तो दुसऱ्यांची नेतो, आणि रात्री बाहेर राहिलेल्या बाळाच्या कपड्यावर रक्ताचा थेंब टाकून खूण करून ठेवतो. म्हणून तान्ह्याचे कपडे रात्री उघड्यावर ठेवू नयेत, हा इशारा तिथेही आहेच. जपानमध्ये या पक्ष्याच्या नावाचीच चिनी अक्षरे ‘उबुमे’ या बाळंतिणीच्या भुताच्या नावासाठी वापरली गेली. आपल्याकडची अळवंतीणही बाळंतपणात गेलेलीच, परंतु तिला पंख असल्याचे मी कधी ऐकले नाही.

रोमन कवी ओव्हिडने ‘फास्ती’च्या सहाव्या भागात रात्री पाळण्यावर झडप घालून रक्त पिणाऱ्या ‘स्ट्रिक्स’ पक्ष्यांची कथा सांगितली आहे. त्यांनी गाठलेला प्रोका हा राजपुत्र अवघ्या पाच दिवसांचा होता. हे वाचल्यावर मला आपल्या पाचवीची रात्र, पाटा-वरवंट्याची पूजा आणि बाळंतिणीच्या उशाखालचा विळा आठवल्यावाचून राहिला नाही. मात्र यावरून रोम आणि सातारा यांचे नाते कोणी जोडू नये. पहिले काही दिवस जगाच्या पाठीवर सगळीकडेच धोक्याचे होते.

बालरोगतज्ज्ञ

‘जुनी पोथी’ यांनी दिलेली लक्षणे, म्हणजे आग होणारे फोड आणि स्रवणाऱ्या जखमा, नवजात बाळांच्या त्वचेच्या जंतुसंसर्गात आम्ही आजही पाहतो. कपड्यांविषयी सांगायचे, तर पावसाळ्यात दिव्याकडे येणारा पेडेरस नावाचा बारीक, काळा-नारिंगी किडा कपड्यात राहिला आणि अंगाखाली चिरडला, तर त्यातील द्रवाने त्वचा भाजल्यासारखी होते व फोड येतात. आजीच्या नियमाचे कारण हेच होते असा माझा दावा नाही. कथा आधी आणि कारण मागाहून, असे जोडणे फार सोपे असते. घुबडाचा मात्र यात काहीही दोष नाही. गव्हाणी घुबड उंदीर खाऊन जगते, आणि त्याची पिल्ले वळचणीतून फुत्कारतात ते केवळ भूक लागली म्हणून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबडांना संरक्षण आहे, तरी अशाच समजुतींपायी त्यांना अजून मारले जाते, हे इथे नोंदवले पाहिजे.

जुनी पोथी

दुसरा प्रश्न राहिला. मला वाटते, त्या गोष्टी वरवर मुलांसाठी असल्या तरी त्या ऐकणाऱ्या थोरल्या बहिणीवर बाळ सांभाळण्याचे आणि दुपटी आणण्याचे काम असे, आणि गोष्ट तिच्या कानांसाठी होती. शिवाय काऊ-चिऊला आपण निरागस समजतो तेही तितकेसे खरे नाही. आमच्या घरच्या पाठात चिऊ दार उघडते, काऊला उबेसाठी चुलीजवळ बसवते, आणि रात्री अंधारातून येणारा ‘कडमकुडुम’ आवाज तिच्या पिल्लांचा असतो. दोन्ही गोष्टींत पंखवाला बाहेरून येतो आणि बाळे जातात.

सांजवात

सर्वांचे आभार. आईला फोन करून विचारले. ती म्हणाली, एखादे दुपटे बाहेर राहिलेच तर आजी ते तीनदा झटकून ओवा, वेखंड आणि मोहरीच्या धुरीवर धरत असे, आणि मगच बाळाला गुंडाळत असे.

जुनी पोथी

सुश्रुताने त्या नऊ बालग्रहांपैकी स्कंदग्रहासाठी सांगितलेल्या धुरीत मोहरी आहे, वेखंड आहे, तूप आहे आणि सापाची कातही आहे. ओवा बहुधा आजीचा.