मदत हवी आहे : 'कॉपर' शब्द आणि आपले तांबट

नमस्कार मंडळी, लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी विचारतोय. विषय तिनेच निवडलाय, 'कॉपर' हा शब्द.

मूळ सापडलं. सायप्रस बेटावरच्या खाणींमुळे रोमन लोक तांब्याला 'सायप्रसचा धातू' म्हणत. त्याचं लॅटिनमध्ये 'क्युप्रम' झालं, त्यातून 'कॉपर' आणि रसायनशास्त्रातली 'सीयू' ही खूण. इंग्रजीत पोलिसालाही कॉपर म्हणतात, पण तो बहुधा 'पकडणे' या अर्थाच्या 'कॉप'वरून आलेला. गणवेशाच्या तांब्याच्या बटणांची गोष्ट लोक रंगवून सांगतात, तिच्यात दम नाही. इंग्लंडमध्ये कपडे उकळायच्या मोठ्या भांड्यालाही कॉपरच म्हणायचे. म्हणजे जवळपास आपला बंबच की! (आणि आपण स्टीलच्यालाही बिनदिक्कत तांब्या म्हणतो.)

आता अडलंय ते इथलं. भांडी बाजारात किंवा जुन्या नाशकातल्या तांबट घरांत कोणाची ओळख आहे का? हाताने ठोकून भांडी घडवणारं कोणी हवंय, नुसतं दुकान नको. अवजारांची, कामाची त्यांच्या तोंडची नावं टिपायचीत. आम्हाला 'मठारकाम' (भांड्यावर हातोडीचे ठोके देण्याचं काम) एवढंच ठाऊक.

कोणाकडे तांब्याचा बंब अजून पेटत असेल तर फोटो टाका. कुंडी करून गॅलरीत ठेवलेला नको, लेकीची सक्त ताकीद आहे.