मदत हवी आहे: संस्थेच्या अहवालासाठी संपादक आणि मुद्रितशोधक म्हणजे प्रूफरीडर (पुणे)

नमस्कार मंडळी,

कोथरूडमधल्या आमच्या छोट्या शैक्षणिक संस्थेचा वार्षिक अहवाल लवकरच छापायला जायचा आहे. साधारण ६० पानं, सगळी मराठीत. मजकूर पाच-सहा जणांनी लिहिलाय. एकाच गावाचं नाव तीन तऱ्हांनी आलंय, विद्यार्थ्यांची संख्या मनोगतात एक आणि तक्त्यात दुसरी. शिवाय श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरं जागोजागी तुटली आहेत.

विश्वस्तांचं म्हणणं, मराठीचे एखादे निवृत्त सर वाचतील की, वेगळे पैसे कशाला? सरांबद्दल आदर आहेच. पण हे काम फक्त ऱ्हस्व-दीर्घाचं नाही. १९६२चे शुद्धलेखनाचे नियम आणि १९७२ची भर माहीत असणाऱ्यालाही आकडे पडताळणं, पुनरुक्ती काढणं, सहा जणांची भाषा एकसारखी करणं जमेलच असं नाही. देणगीदार हाच अहवाल वाचून पुढच्या मदतीचं ठरवतात. आकडा जुळला नाही, तर त्यांना आमच्या कामाबद्दलच शंका येईल, आणि मुलांसाठी राबणाऱ्या कार्यकर्त्यांवर तो अन्याय होईल असं मला मनापासून वाटतं.

तर, पुण्यात संस्थांसाठी असं काम करणारं कोणी माहीत आहे का? दर पानावर ठरतो की शब्दांवर? मांडणीआधी संपादन आणि मांडणीनंतर मुद्रितशोधन, दोन्ही एकाच व्यक्तीकडे द्यावं की वेगवेगळ्या? दुसरी नजर हवी असं मला वाटतं, पण बजेट तोकडं आहे. विश्वस्तांना कसं पटवलंत, तेही जरूर सांगा.