शब्दचर्चा : ‘वेल-मेड प्ले’ आणि एडना आत्या

प्रश्न : इंग्रज नाटककार टेरन्स रॅटिगनवरच्या (१९११–१९७७) लेखाचा अनुवाद चालू आहे. ‘वेल-मेड’ (कथानक काटेकोर रचलेलं) हे विशेषण त्यात तीनदा येतं : ‘द विन्स्लो बॉय’ला (१९४६) कौतुकानं, १९५६ नंतर हेटाळणीनं, अलीकडच्या प्रयोगांना पुन्हा कौतुकानं. ‘बांधेसूद’, ‘बेतीव’ की ‘सफाईदार’? आणि त्यानं कल्पिलेल्या ‘आन्ट एडना’ या प्रेक्षक बाईला काय म्हणावं?

— ‘बांधेसूद’मध्ये फक्त स्तुती आहे, ‘बेतीव’मध्ये फक्त दूषण. इंग्रजीत मात्र शब्द तोच राहिला, त्याची किंमत बदलली. ८ मे १९५६ला लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये जॉन ऑस्बर्नचं संतापानं धुमसणारं ‘लुक बॅक इन अँगर’ आलं, आणि कालपर्यंतचा गुण टीकाकारांच्या लेखी दोष ठरला. तीन ठिकाणी तीन शब्द घातलेत तर ही उलथापालथ वाचकाला दिसणारच नाही. ‘सफाईदार’ दोन्हीकडे कलतो. ‘सफाईदार फटका’ ही शाबासकी, पण ‘सफाईदार उत्तर’ म्हटलं की काहीतरी लपवल्याचा वास येतो.

— कलतो खरा, पण ‘सफाईदार प्रयोग’ म्हटलं की श्रेय नटांकडे जातं. इथे मुद्दा लिखाणाचा आहे. रॅटिगनचं ‘द डीप ब्लू सी’ (१९५२) बघा. पडदा उघडतो तेव्हा नायिका हेस्टर गॅसच्या शेगडीपुढे निपचित पडलेली. मीटरमध्ये टाकलेलं नाणं संपलं म्हणून गॅस बंद पडला आणि ती वाचली. सगळं नाटक एकाच खोलीत, सकाळ ते रात्र. शेवटी ती त्याच शेगडीचा गॅस सोडते, पण या खेपेला काडी ओढून ती पेटवते. पहिल्या अंकात पेरलेलं तिसऱ्यात उगवतं, संवादात एक शब्द न खर्चता. याला मराठीत ‘बांधणी’च म्हणतात. ‘पक्क्या बांधणीचं नाटक’ आणि ‘नुसत्या बांधणीचं नाटक’ : नाम एकच, निवाडा उलटा. तिन्ही ठिकाणी ‘बांधणी’ ठेवा.

— ‘बांधणी’ला दुजोरा. तिसऱ्या ठिकाणी ‘पक्की’सुद्धा लावू नका, नुसतं ‘बांधणीचं’ पुरे. १९९३ला लंडनच्या अल्मेडा थिएटरात दिग्दर्शक कॅरेल राइसनं ‘द डीप ब्लू सी’ पेनेलोपी विल्टनला घेऊन केलं, तिथून पारडं फिरलं. २०१०ला नॅशनल थिएटरनं रॅटिगनचंच ‘आफ्टर द डान्स’ काढलं. १९३९मध्ये ते ६० प्रयोगांत आटोपलं होतं. ही पुनःस्थापना बांधणीला माफ करून झालेली नाही, बांधणीमुळे झाली आहे. विशेषण न लावता ते जास्त ठसतं.

आता एडना. १९५३ला नाट्यसंग्रहाच्या दुसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत रॅटिगननं ही काल्पनिक प्रेक्षक उभी केली : मध्यमवर्गीय, मध्यमवयीन, अविवाहित, हाताशी वेळ आणि पैसा असलेली. पुढे टीकाकारांनी तिलाच त्याच्यावर उगारलं. ‘काकू’ आणि ‘मामी’ बाद, कारण ही नाती लग्नानं जुळतात आणि एडनाचं लग्न झालेलं नाही. ‘मावशी’ नात्याला बसते, पण नाटकाच्या लेखात मराठी वाचकाला तमाशातली मावशी आठवेल. उरते ‘एडना आत्या’. तिच्या शब्दाला घरात वजन असतं, आणि रॅटिगनचं म्हणणंही हेच होतं की नाटककारानं तिला डावलून चालत नाही.