एक्स्पोजर थेरपी सुरू झाल्यावर स्वप्नं वाढली, थांबवावी का?

उंबरठा:
माजी सैनिक, वय ४६, पीटीएसडीचं (भयंकर घटनेनंतर मागे राहणारा मानसिक आजार) निदान पक्कं. पीसीएल-५ या लक्षणं मोजायच्या प्रश्नावलीवर ५४ गुण. प्रोलाँग्ड एक्स्पोजरची (टाळलेल्या आठवणी आणि जागांना टप्प्याटप्प्याने सामोरं जायचा उपचार) तीन सेशन झाली. वाईट स्वप्नं आठवड्याला दोनदा पडायची, ती आता जवळपास रोज. सेशनचं रेकॉर्डिंग रोज ऐकायचं आहे, आठवड्यात एकदाच ऐकलं गेलं. घरच्यांचं मत पडलं की खपली काढण्यापेक्षा झोपेची गोळी बरी. थांबवावं का? आणि रात्री ते ओरडत उठतात तेव्हा बाकीच्यांनी काय करायचं?

मोहर:
थांबवू नका. हा उपचार ८ ते १५ सेशनचा, दर सेशन साधारण ९० मिनिटांचं. ती घटना डोळे मिटून, वर्तमानकाळात, मोठ्याने सांगायला सुरुवात होते तिसऱ्या सेशनच्या आसपास. म्हणजे ते नेमके सर्वांत अवघड चढावर आहेत. काही जणांची लक्षणं इथे तात्पुरती वाढतात, पण पुढे त्यांनाही इतरांसारखाच गुण येतो.

खटकतंय ते एकदाच ऐकलेलं रेकॉर्डिंग. एकदा ऐकलं की भीती चढते. ती उतरायच्या आत आठवडाभर पाठ फिरवली, तर मेंदू एवढंच शिकतो की ही आठवण झेपत नाही. ऐकायचं दिवसा, खुर्चीत बसून, पूर्ण. गाडी चालवताना, मोबाइल चाळत किंवा अंथरुणात नाही. वहीत अस्वस्थतेचे तीन आकडे लिहायचे, ० ते १०० मध्ये: सुरुवातीचा, सर्वांत वरचा, शेवटचा. पहिले काही दिवस ८०, ९५, ७५ असे आकडे आले तरी घाबरू नका. उतार दिवसागणिक बघायचा.

टाळलेल्या जागी जाऊन थांबायच्या, म्हणजे बाहेरच्या सरावातही हीच गफलत होते. गर्दीत जातात, पण भिंतीला पाठ लावून, दारावर नजर ठेवून बसतात. मग 'पहारा दिला म्हणून वाचलो' असंच वाटत राहतं. टाळलेल्या जागांच्या यादीत जिथे अस्वस्थता ४०च्या आसपास आहे तिथून सुरू करा. पाठ मोकळी ठेवून ३० ते ४५ मिनिटं, किंवा अस्वस्थता निम्मी होईपर्यंत थांबायचं.

सांगताना आजूबाजूचं भानच सुटत असेल तर थेरपिस्टला कळवा, ते डोळे उघडे ठेवून भूतकाळात सांगायला लावतात. आत्महत्येचे विचार आले तर मात्र पुढच्या सेशनची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

शांतरस:
गोळीबद्दल. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीच्या गोळ्या पीटीएसडीत नकोतच. अमेरिकेच्या माजी सैनिक आणि संरक्षण खात्यांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही त्यांच्या विरोधात आहेत. सवय लागते, दारूसोबत श्वास मंदावतो, आणि भीती जाणवलीच नाही तर मोहर म्हणतात ते शिकणंही होत नाही. आधीपासून रोज चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते.

औषध लागलंच तर सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन, अर्थात मानसोपचारतज्ज्ञाकडूनच. सर्ट्रालिन सहसा २५ मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याने ५०, गरजेनुसार २०० पर्यंत. गुण यायला ४ ते ६ आठवडे, कधी जास्तही. बरेच जण दुसऱ्याच आठवड्यात 'फरक नाही' म्हणून सोडून देतात. स्वप्नांसाठी प्राझोसिन: झोपताना १ मिलिग्रॅम, मग हळूहळू वाढ. रक्तदाब उतरतो, म्हणून रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या काठावर बसायचं. २०१८ च्या मोठ्या चाचणीत ते प्लासिबोपेक्षा (औषध नसलेली नकली गोळी) सरस ठरलं नाही, तरी काहींना उपयोग होतो. जोरात घोरत असतील तर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास मधेच थांबणं) तपासून घ्या.

पायवाट:
ओरडत उठले तर हलवू नका, खांद्याला हातही नको. अर्धवट झोपेत तो हल्ला वाटतो. पायथ्याशी, त्यांचा हात पोचणार नाही इतक्या अंतरावर उभं राहून मंद दिवा लावा, नावाने हाक मारा आणि शांतपणे सांगा: "मी अमुक. आपण घरी आहोत. आज मंगळवार." स्वप्नात काय होतं ते विचारू नका. पाय जमिनीवर, गार पाण्याचा ग्लास हातात. २० मिनिटांत झोप लागली नाही तर दुसऱ्या खोलीत बसायचं, डोळे जड झाले की परत.

घरात शस्त्र असेल तर आजच बाहेर हलवा. ते शक्यच नसेल तर कुलूपबंद, काडतुसं वेगळी, किल्ली दुसऱ्याकडे.

उंबरठा:
रेकॉर्डिंग ऐकताना शेजारी कोणी बसावं का?

मोहर:
नको, तोही पहाराच होतो. पलीकडच्या खोलीत असा. आणि पीसीएल-५ दर दोन सेशननंतर भरा. १० गुण उतरले तर तो खरा फरक धरायचा.