ग्रॅव्हल सायकलसाठी नागपूरजवळचे डोंगर-गड: रामटेक की आणखी काही? सल्ला हवा

त्रिमूर्तीनगरचा
नमस्कार मंडळी. दिवाळीत ग्रॅव्हल बाइक घेतली, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणारी जाड टायरची सायकल. ४० मिमीचे टायर, पुढे ४० दातांची एकच चेनरिंग (पेडलजवळची चकती), मागे ११ ते ४२ दातांची कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच). अजून तरी ती फुटाळा, सेमिनरी हिल्स आणि गोरेवाड्याच्या पलीकडे गेलेली नाही. डिसेंबरच्या शेवटी पुण्याचे दोन मावसभाऊ येत आहेत, दर रविवारी सिंहगड चढणारे. नागपुरात चढ म्हणजे उड्डाणपूल, असं त्यांचं ठाम मत आहे. ते मोडायचंय.

एका दिवसाचा ६०-७० किलोमीटरचा मार्ग हवा. निम्मा तरी कच्चा असावा, थोडा डोंगर असावा आणि वाटेत काही जुनं बघायला मिळावं. डोक्यात रामटेक आहे, पण घरून जबलपूर हायवेने जायची हिंमत होत नाही. काय करू?

पांदणवाला
रामटेकच करा, पण घरून निघू नका. कामठी-कन्हान-मनसर हा पट्टा ट्रकांचा. जाऊन-येऊन नुसतं डांबर तुडवायचं आणि डोंगराशी पोचेपर्यंत पाय संपलेले, यात मजा नाही. सायकली गाडीवर टाका, मनसरला उतरवा आणि तिथून फेरा घ्या: मनसर, रामटेक, खिंडसी तलाव, नगरधनचा किल्ला, परत मनसर. सरळ रस्त्याने हा ४०च्या आसपास भरतो. पेंचच्या कालव्याकाठचे मुरमाचे रस्ते आणि शेतातल्या पांदणी धरल्या की ६० कधी होतात कळत नाही. पांदणीचा नकाशावर भरवसा नको. एखादी थेट कोणाच्या तुरीत जाऊन संपते. बांधावर माणूस दिसला की विचारायचं. तो रस्ताही सांगतो आणि चहालाही बसवतो.

मनसरला आधी हिडिंबा टेकडी बघा, सायकल खाली लावून. वाकाटकांच्या, म्हणजे विदर्भातल्या प्राचीन राजघराण्याच्या काळातलं विटांचं मोठं बांधकाम तिथे उघडं पडलंय. दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं बरेच अभ्यासक मानतात. जवळच मॅंगनीजची खाण आहे. तिच्या हद्दीतले कच्चे रस्ते कितीही भुरळ घालोत, शिरू नका, डंपर चालतात.

रामटेकचा गड तुमच्या पुणेकरांसाठी. अंबाळा तलावाकडून पायऱ्या आहेत, त्या सोडा, गाडीरस्त्याने चढा. सिंहगडाच्या मानाने चढ आखूडच आहे, पण तो एकदाच चढायचा असा काही नियम नाही. दोनदा-तीनदा चढवा, बोलणं आपोआप कमी होईल. वर गेल्यावर सगळे तडक राममंदिरात जातात आणि केवल नरसिंह, रुद्र नरसिंह ही दोन देवळं तशीच राहतात. ती पाचव्या शतकातली आहेत. केवल नरसिंहाच्या देवळात वाकाटकांचा शिलालेख आहे. हँडलबारच्या पिशवीत केळी ठेवून सायकल सोडून जाऊ नका. माकडांना पिशवीची चेन उघडता येते.

मानेवाडा_एमटीबी
काहून भाऊ, पेंचच्या आतून काहून नाही? सिल्लारीहून घुसलं तर मस्त जंगल लागते ना. त्या मुरमाच्या रस्त्यासमोर पांदण काहीच नाही.

पांदणवाला
व्याघ्रप्रकल्प आहे तो. परवानगीशिवाय सायकल आत नेता येत नाही, आणि नेऊही नये. खिंडसीच्या उत्तरेलाही जंगल सुरू होतं, तिकडची वाट दुपारी चारच्या आत संपवा. वाघाचं जाऊ द्या, संध्याकाळी रानडुक्कर आडवं आलं तरी पुरे.

इतवारीची_ताई
गाडी नसेल तर इतवारी-रामटेक रेल्वे आहे. सायकल नेण्याचा नियम आणि वेळा मात्र स्टेशनवर आदल्या दिवशी विचारून घ्या.

नगरधनला पुरेसा वेळ ठेवा. बहुतेक सायकलवाले दरवाजापाशी फोटो काढून निघतात, कारण किल्ला सपाटीवर आहे आणि चढ शून्य. पण या फेऱ्यात माझ्या मते सगळ्यात भारी जागा हीच. वाकाटकांचं नंदिवर्धन ते हेच. २०१५ ते २०१८च्या उत्खननात इथे प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी. नवरा गेल्यावर मुलं लहान म्हणून राज्य तिने चालवलं. आज दिसणारी तटबंदी पुष्कळ नंतरची, गोंड-भोसल्यांच्या काळातली. आत जमिनीखाली देवीचं ठाणं आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. सायकलचे क्लीटवाले (तळाला पेडलमध्ये अडकणारी पट्टी असलेले) बूट घालून गेलात तर तिथे घसराल, चपला ठेवा सोबत.

गडावरून उतरून नगरधनकडे निघालं की लक्षात येतं, देवस्थान टेकडीवर आणि राजधानी पायथ्याच्या सपाटीला, अगदी नजरेच्या टप्प्यात. कारने गेलं तर हे कळतच नाही.

बेसाल्ट
रामटेक सगळे सांगतीलच, मी काटोल रोडचं सांगतो. पाहुण्यांचा एखादा अर्धा दिवस उरला तर घरूनच जाता येईल. जुनापाणीला सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत, लोहयुगातली दफनं. काळे धोंडे गोल मांडलेले, काहींवर वाटीसारखे खड्डे कोरलेले. रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९व्या शतकातच त्यांची नोंद केली होती. पुढे माहुरझरी, तिथे अकीक-कार्नेलियनचे मणी बनायचे, आणि तिथल्या दफनात घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने मिळालेत. वाकाटक त्यापुढे कालची पोरं. रस्ता संत्र्याच्या बागांमधून, चढ-उतार लहान पण सतत.

फक्त जमिनीचं भान ठेवा. नागपूरच्या पश्चिमेला बेसाल्ट, म्हणजे काळी माती. पाऊस झाला की दोन दिवस तिकडे फिरकू नका. चाक आणि फोर्क (चाक धरणारा दुहेरी दांडा) यांच्यामध्ये माती अशी भरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. रामटेककडचा खडक वेगळा, माती मुरमाड, पाणी लवकर निचरतं. अवकाळीचं वातावरण असेल तर पूर्वेला जा, कोरडं असेल तर कुठेही.

आणि काटे! ट्यूबलेस केलंय का, म्हणजे ट्यूब काढून टायरमध्ये भोकं बुजवणारं सीलंट टाकलंय का? पांदणीच्या दोन्ही बाजूंना बाभूळ. शेतकरी कुंपणाला काट्या रचतात, त्यातल्या निम्म्या रस्त्यावर येतात. सीलंट नसेल तर तुमचा दिवस पंक्चर काढण्यात जाईल आणि पुणेकरांना आयता विषय मिळेल.

मानेवाडा_एमटीबी
पेंच नाही तर अंबागड घ्या ना मग. खरा डोंगरी किल्ला तोच.

बेसाल्ट
अंबागड सुंदरच आहे. तुमसरच्या पुढे, गायमुखच्या बाजूला, सातपुड्याच्या कुशीत. गोंड राजा बख्त बुलंद शहाच्या काळातला, भोसल्यांनी पुढे त्याचा तुरुंग केला. पण नागपूरहून गाडीनेच दोन-अडीच तास, आणि किल्ला पायी चढायचा. मुक्काम असेल तरच.

त्रिमूर्तीनगरचा
सगळ्यांचे आभार. ठरलं: शनिवारी रामटेकचा फेरा, रविवारी सकाळी जमलं तर जुनापाणी. अंबागड पुढच्या हिवाळ्यात. ट्यूबलेस केलेलं नाही, या आठवड्यात करून घेतो. वजन ७२ किलो, हवा किती ठेवू? आणि निघू किती वाजता?

पांदणवाला
पुढे ३२-३४, मागे ३६-३८ पीएसआयने सुरुवात करा. मुरमावर चाक उडायला लागलं तर दोन-दोनने कमी करा. रिमला दगड लागल्याचा आवाज आला तर परत वाढवा.

डिसेंबरअखेर उजाडायलाच पावणेसात होतात आणि गारठा चांगलाच असतो, त्यामुळे मनसरला सातला पेडल मारलं तरी चालेल. नाश्ता रामटेक गावात, गड उतरल्यावर. तर्री-पोहे खाऊन चढायला जाऊ नका.

इतवारीची_ताई
रामटेक सोडताना बाटल्या भरून घ्या, पांदणीत दुकानं नाहीत. सीलंट टाकलं तरी एक ट्यूब जवळ असू द्या, मोठ्या काट्याला सीलंट पुरत नाही. आणि पुणेकरांचे टायर किती मिमीचे आहेत ते आत्ताच विचारा. २८चे असतील तर त्यांना इथून भाड्याने सायकल बघावी लागेल.

त्रिमूर्तीनगरचा
विचारलं. एकाचे ३८, दुसऱ्याचे २५! त्याला माझी जुनी एमटीबी (माउंटन बाइक) देतो.