फोर बाय फोर पिकअपला पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर: बिघडतं काय?

घाटमाथा:
माझ्या इसुझू व्ही-क्रॉस पिकअपच्या टायरचं कंपनीचं माप २५५/६० आर १८ (रुंदी २५५ मिमी, साइडवॉलची उंची तिच्या ६० टक्के, रिम १८ इंच). मागचे दोन गुळगुळीत झालेत, पुढचे अजून चालतील. मागे २६५/६० आर १८ टाकायचा विचार आहे. रिम तीच, आणि माल भरला की रुंद टायर बरा. टायरवाला म्हणतो चारही बदला. तो म्हणणारच, त्याला विकायचेत! गाडी बहुतेक वेळ टू-एचमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या जोरावर पळते, तेव्हा पुढच्या एक्सलला इंजिनाची ताकद जातच नाही. माझं मत: पुढची जोडी सारखी, मागची जोडी सारखी, एवढं पुरे.

पान्हा१७:
असहमत. टू-एचपुरतं बरोबर, पण मग फोर बाय फोर घेतलीत कशाला? या गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नाही. फोर-एच, म्हणजे चारही चाकांना ताकद, लावलं की दोन्ही एक्सलकडे जाणारे शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरच्या पेटीत) जखडले जातात, दोघांनी सारखंच फिरायचं. आता हिशेब करा. २५५/६० चा व्यास ७६३ मिमी, २६५/६० चा ७७५. म्हणजे दर किलोमीटरला १५-१६ मीटर कुठल्यातरी चाकांना घासत जावं लागणार. डांबरावर टायर सहज घासत नाही, तो पीळ शाफ्ट आणि गिअरवर येतो.

सातबारा:
पान्हाभाऊ, आमच्या फोर-व्हील ट्रॅक्टरची पुढची चाकं मागच्यांपेक्षा कितीतरी लहान आहेत. अजून एक गिअर तुटलेला नाही.

पान्हा१७:
कारण त्याचे गिअर त्या चाकांच्या हिशेबानेच बनवलेत. पुढची चाकं किंचित जास्त ओढतील एवढाच फरक मुद्दाम ठेवतात, तोही थोड्या टक्क्यांचा. आणि डांबरी रस्ता लागला की तुम्ही फोर-व्हील काढता की नाही?

सातबारा:
काढतो. नाहीतर पुढचे टायर खातो. हे मान्य.

चिखलदादा:
चिखलाचं कुणी बोलतच नाही. जुलैत कोकणातल्या लाल मातीत फोर-एच लावतो तेव्हा चाकं तशीही घसरतच असतात, दीड टक्क्याचा पीळ तिथल्या तिथे सुटतो. शिवाय वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. चारही टायर एकाच दिवशी घेतले तरी फरक पडतोच. मग काय वळायचंच नाही? उगाच घाबरवून पाच-पाच टायर विकायचा धंदा आहे हा.

मीटरटेप:
दादा, वळण संपतं. माप वेगळं असलं की सरळ रस्त्यावरही फरक चालूच राहतो. आणि चिखलही संपतो की! खाचराशेजारून वर आलात की समोर डांबर, नॉब मात्र फोर-एचवरच. मग टू-एचला फिरवला तरी फोर बाय फोरचा दिवा लुकलुकत राहतो, कारण आत सगळं दाबाखाली अडकलेलं असतं. थोडं रिव्हर्स घेतलं की सुटतं. उन्हाळ्यात सुक्या कातळावरही तेच, तोही चांगलाच पकडतो.

घाटमाथा, तुमचा खरा घोळ २६५ मध्ये नाही, झिजेत आहे. पुढचे ५ मिमी झिजले असतील तर त्यांचा व्यास ७५३ झाला. ७७५ शी तुलना केली तर फरक जवळजवळ तीन टक्के. टायरवर चुन्याची खूण करा, गाडी सरळ ढकला, जमिनीवरच्या दोन खुणांमधलं अंतर मोजा. पुढचं-मागचं दोन्ही. साइडवॉलवरचा आकडा राहू द्या.

घाटमाथा:
म्हणजे मागे नवे २५५ घेतले तरी १० मिमीचा फरक उरतोच ना?

पान्हा१७:
उरतो, म्हणून वेळच्या वेळी पुढचे मागे, मागचे पुढे करायचे. तसे फिरवले असते तर आज मागचेच आधी संपले नसते.

चिखलदादा:
फिरवा, मोजा, हळदकुंकू वाहा. मी मागे २६५ वरच चालवतो आणि डांबर लागलं की फोर-एच काढतो.

मीटरटेप:
काढताय तोवर ठीक. स्टेपनी कुठल्या मापाची आहे?

चिखलदादा:
कंपनीची. २५५.

मीटरटेप:
ती मागे एका बाजूला लावलीत की मागच्या डिफरन्शियलचे गिअर सरळ रस्त्यावरही फिरत राहणार. पंक्चरवाल्यापर्यंतच जा, आणि तोवर फोर-एच नको.